तिच्या हातचा भात

बाबा,

काल ऑफिसचं काम आटोपल्यावर इथल्या जुरोंग ईस्ट भागातल्या एका मॉलमध्ये सुशी खाल्ली. नाक मुरडू नका, कच्चा मासा नव्हता. भाताच्या मुटक्यावर अंड्याच्या पोळीचा तुकडा. दुकान आपल्या खानावळीपेक्षाही लहान. ओट्यामागे एक जपानी म्हातारा आणि त्याची विशीतली मुलगी. ती ओल्या हाताने भात वळायची, तो बघायचा आणि म्हणायचा, "अगेन." ती वैतागली, "सेम लाह, पा!" म्हणजे, सारखाच तर आहे, बाबा. तशी त्याने तिच्या हातावर चापट मारली, आणि तिने निमूट पुन्हा वळायला घेतलं. बाबा, दोन मुलांची आई मी, परदेशात तीन दिवसांच्या कामाला आलेली, त्या चापटीवर जळले.

मला तुम्ही कधी बोटही लावलं नाहीत. गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी आल्या की नारळ खवणं माझ्याकडे. गरम उकड मळायला मात्र तुमचा पुतण्या. मी परातीत हात घातला की तुम्ही मनगट धरून बाजूला करायचात. "चटके बसतील पोरी. तू अभ्यास कर." त्याला चटके बसायचे, वर बोलणीही. "गाढवा, मोदक करतोयस की पोतं शिवतोयस?" आतल्या खोलीत गणितं सोडवताना मी ती बोलणी कान देऊन ऐकायचे, आणि वाटायचं, ती माझ्या हक्काची होती. आज खानावळ तोच चालवतो. लोक म्हणतात, काकांचाच हात उतरलाय. मी गेले की मला आग्रहाने वाढतो, आणि मी अर्ध्या ताटावरून उठते. तुम्ही मायेनेच केलंत, कळतं मला. पण माया त्याच्यावरही होती, आणि शिकवलंत त्याला.

म्हाताऱ्याने दोन बशा पुढे सरकवल्या, एक त्याची, एक तिची. मोडक्या इंग्रजीत विचारलं, कुठली बरी? मी दोन्ही खाल्ल्या. मुलगी हात पुसायचं विसरून माझ्याकडे बघत होती. मी त्याच्या बशीकडे बोट दाखवलं. तिचा चेहरा पडला. म्हाताऱ्याने मान हलवली. "नो," तो म्हणाला, "टुडे, हर्स." ती हसली, आणि मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

तिचीच सरस होती. पहिल्या घासालाच कळलं होतं. पण तिनेही एक दिवस हिरमुसून घरी जावं, असं मला वाटलं. तुम्ही समोर असतात तर हे सांगितलं नसतं.