काचेच्या कपाटातलं ऑफिस

सूनबाई,

तू मीटिंगमध्ये होतीस, म्हणून हाक मारली नाही. अकरा वाजता सुतार येईल. हॉलमधल्या काचेच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे मी रिकामे केलेत. तुझ्या सासूबाईंच्या कपबश्या कागदात गुंडाळून माझ्या पलंगाखाली ठेवल्यात, त्या तिथेच राहू देत. कप्प्यांच्या जागी बिजागरीची फळी बसेल, तेच तुझं टेबल. संध्याकाळी फळी वर केली की पुन्हा कपाटच. पाहुण्यांना पत्ताही लागणार नाही. उंची मात्र तुझ्या मापाने घ्यायला सांग. पलंगावर बसून काम करून पाठीची पार वाट लागलीय तुझ्या.

काल माझ्या टीव्हीच्या आवाजापायी तू साहेबांची माफी मागत होतीस. वर मीच डाफरलो, "हे घर आहे की कचेरी?" चुकलं माझं. आवाज एवढा मोठा का लागतो, हे मला ठाऊक आहे, नुसतं कबूल करायचं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरकडे निघालोय. नवऱ्याला इतक्यात सांगू नकोस, वर्षभर मागे लागलाय, उगाच मिरवेल. जेवायला थांबू नकोस.

आल्यावर माझ्याशी हळू बोलून बघ.

— बाबा