आपल्या हातानं कमी केलेली नावं

आप्पा,

चावडीवर तुम्ही एवढंच म्हणालात, "हाव, मीच दिला अर्ज." त्या बोलण्याची खरी किंमत काय पडली ते आज एकदा मांडूनच टाकतो. नव्या जिल्ह्याच्या कचेरीतली माझी नोकरी गेली. श्रावणात गावच्या महादेवाला जायचं अव्वानं सोडलं, ते कायमचं. आपल्या दोन खोल्यांच्या मातीच्या माळवदी छपरावर गवत वाढलं, मग एका पावसाळ्यात मधला खण खाली बसला, आणि आता तिथं कुणाच्या तरी शेळ्या बांधलेल्या असतात. आणि तुमच्याबद्दलचा माझा अभिमान गेला. तो पुढं परत आला म्हणा, पण कल्हई उडालेल्या भांड्यात ठेवलेल्या ताकाला जशी चव येते, तसा. हे तुम्हाला जिवंतपणी सांगायची माझी छाती झाली नाही. एरवी माझं तोंड बंद करणारा अजून जन्माला यायचाय, असं मी कोर्टाच्या बाररूममध्ये सगळ्यांना ऐकवत असतो.

बहात्तरच्या दुष्काळात आपण गाव सोडलं तेव्हा मी शाळेत होतो, पण कान आतासारखेच तिखट होते. रेशनचं दुकान काकांच्या ओसरीवर होतं. काका म्हणजे तुमचे साडू, अव्वाच्या थोरल्या बहिणीचे मालक. दुकानात घासलेटचा आणि गोणपाटाचा वास एकात एक मिसळलेला असायचा. त्या वर्षी मिळायची ती सरकारी मिलो, तांबडी ज्वारी. तिची भाकरी तव्यावरच तडकायची आणि थंड झाली की चपलेच्या तळव्यासारखी व्हायची. चाकूरच्या बाजूनं लोकांच्या गाड्या भरून निजामाबादकडे चालल्या होत्या. प्रत्येकजण जाताना काय करत होता? घराला कुलूप लावत होता आणि रेशनकार्ड म्हाताऱ्याच्या हातात देत होता, तेवढाच दाणा घरात येईल म्हणून. तुम्ही काय केलंत? मला हाताला धरून ओसरीवर गेलात आणि काकांच्या हातात अर्ज दिलात.

"साडूभाऊ, आम्ही चाललो. आमच्या नावाचा दाणा दुसऱ्या कुणाच्या पोटात पडू द्या. तहसीलला अर्ज पोचवा अन् आमची नावं कमी करा."

काकांनी अर्ज चष्मा लावून वाचला. मग कपाळाच्या इभूतीला हात लावून म्हणाले, "अरारा! अशी माणसं हायेत म्हणून तर धरती उभी हाय, साडूभाऊ." आणि अर्जाची घडी घालून बंडीच्या खिशात टाकला. ओसरीवर बसलेला एक म्हातारा मात्र हसला. म्हणाला, "जाणारा माणूस घराला कुलूप लावतोय, बाबा. हे तर घर पुसूनच चाललंय." तुम्हाला तो टोमणा लागला नाही. उलट निजामाबादच्या राईस मिलमध्ये पाठीवर पोतं असताना तुम्ही ही गोष्ट इतर हमालांना सांगायचात, सरकारचा एक दाणा फुकट खाल्ला न्हाई म्हणून. तिथं आम्हाला सगळे तेलुगूत 'महाराष्ट्रोळ्ळु', म्हणजे महाराष्ट्रवाले, म्हणायचे. मी शाळेत मार खाऊन आलो की तुम्ही म्हणायचात, "आपलं गाव हाय ना तिकडं. मग कशाला रडतूस?"

आपण परत आलो, पण गावात काम नव्हतं, म्हणून लातूरला डाळमिलवर राहिलो. भाड्याच्या खोलीत तुम्ही हमाली केली, मी टायपिंग शिकलो. मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादच्या हेलपाट्यांतून सुटलो म्हणून लोक एकमेकांना पेढे चारत होते. नव्या कचेरीत माणसं हवी होती आणि माझी निवड झाली. फक्त मूळ गावच्या तलाठ्याचा रहिवासी दाखला आणायचा होता. अव्वानं त्या दिवशी पुरणाचा बेत केला होता, तुम्ही शेजारच्या मारवाड्याला घरात बोलावून बसवलं होतं. आपल्या खोलीत खुर्चीवर बसलेला तो पहिला पाहुणा.

त्याच आठवड्यात मावशी आली. गावाहून एकटीच, एस्टीनं. मी बाहेर कट्ट्यावर होतो आणि आत स्वयंपाकाच्या कोपऱ्यात दोघी बहिणी हळू आवाजात बोलत होत्या. हळू आवाज मला जास्तच ऐकू येतो.

"तुमची नावं कधी कमी झालीच न्हाईत गं," मावशी म्हणाली. "तो अर्ज ह्यांनी चुलीत घातला. तुमच्या नावाची मिलो उचलून राहिले, साखर उचलून राहिले, इतकी वर्सं. मी एकदा बोलले तर जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं."

अव्वाच्या हातातली पळी थांबली. "आमच्या ह्यांना म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कवापासून?"

"परत आलो तवापासून. बोलले न्हाईत. तू बी बोलू नकोस. सासरी राह्यचंय तुला."

मला त्या दिवशी राग आला नाही, खरं सांगतो. मला आनंद झाला. मनात म्हटलं, आता सोपं झालं! सरकारदरबारी आपण गाव कधी सोडलंच नव्हतं. काकांनी चोरीसाठी का होईना, आपल्याला गावात जिवंत ठेवलं होतं. त्यांनी फक्त तलाठ्याला म्हणायचं, हो, नावं चालू आहेत. दाखला हातात.

चावडीवर तलाठी बरा माणूस होता. पान खात होता, घाईत होता. म्हणाला, "दुकानदार म्हणत्यात तसं लिहितो. मला काय! बोला मालक, ह्यांची नावं हायेत का गावात?"

काकांनी आवंढा गिळला. आज इतकी वर्षं मी साक्षीदार बघतोय. खोटं बोलायच्या आधी माणूस आवंढा गिळतो, हे मी पहिल्यांदा तिथं ऐकलं. नावं चालू आहेत म्हणावं, तर धान्य कुणी नेलं हे कुणीही विचारलं असतं. नव्या जिल्ह्यात नवा पुरवठा अधिकारी येणार होता, जुन्या दुकानांची तपासणी होणार अशी कुजबूज होती. काका म्हणाले, "न्हाईत साहेब. दुष्काळातच कमी झाली. ह्यांनीच सोताहून अर्ज दिला. गाव सोडला तो सोडला."

मी म्हणालो, "काका, खरं सांगा."

"मी कशाला सांगू, बाळ? तुझ्या बापालाच इचार. साडूभाऊ, गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगा, अर्ज तुम्ही दिला का न्हाई?"

किळस येते मला त्या क्षणाची. त्या माणसाला तुमची सगळी मापं माहीत होती. तुम्ही सदऱ्याच्या आत हात घातला, छातीवरच्या इष्टलिंगाला धरलं. लिंग हातात धरून खोटं बोलायचं नाही एवढंच तुम्हाला येत होतं, आणि अर्ज तर तुम्हीच दिला होता. "हाव, मीच दिला अर्ज." पुढचं सांगायला तुम्ही तोंड उघडलंत. मी बघितलं, ओठ उघडले होते. तेवढ्यात चावडीच्या दारात मावशी तलाठ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली. पदर डोक्यावर, तांब्या दोन्ही हातांनी धरलेला, आणि तांब्यातलं पाणी हिंदकळत होतं. तुम्ही तिच्याकडे बघितलंत आणि तोंड मिटलंत. मी बोलणार होतो. तुम्ही माझं मनगट धरलंत. हमालाचा हात तो. दुसऱ्या दिवशीही तिथं निळं होतं.

तलाठी म्हणाला, "मग हे तर परजिल्ह्याचे झाले. परजिल्ह्याचे कशाला, परराज्याचे!" आणि हसला. दोन-चार माणसंही हसली. जी माणसं आपल्याबरोबर निजामाबादला गेली होती, तीसुद्धा. त्यांची कार्डं चालू होती ना.

परतीच्या एस्टीत मी तुम्हाला काय काय बोललो ते लिहीत नाही. तुम्हाला आठवत असेल. मुरुडच्या एका बाईनं मध्येच मागं वळून मला झापलं, "बापाला असं बोलत्यात का रे, शिकला-सवरला दिसतूस की." तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात. लातूर जवळ आल्यावर म्हणालात, "तुला दुसरी नोकरी भेटंल. तिला घरातून काढलं तर ती कुठं जाईल?"

मी म्हणालो, "आपण कुठं जायचं?"

तुम्ही पायाशी ठेवलेली पिशवी उचललीत.

मग मी नांदेडला आलो. दिवसा कोर्टाबाहेर टाइपरायटर, संध्याकाळी लॉ. त्या काळात नांदेड, कंधार, उदगीरकडची पोरं सौदीला, कुवेतला जायला लागली होती. एजंटांनी बुडवलेली, पासपोर्ट मालकाकडं अडकलेली, असली सगळी माझ्या टेबलाशी यायची, कारण वकील त्यांना दारातच उभं ठेवायचे. सनद मिळाली तेव्हा तुम्ही डाळमिलवरून गोणपाट आणून, त्यात कापूस भरून, सुतळीनं शिवून, बाकड्यावर घालायला गादी करून दिलीत. म्हणालात, "आलेल्याला आधी बसायला सांग. इचारायचं ते मागून इचार." माझ्या पक्षकारांना मी अजून तसंच करतो. लोक विचारतात, वकीलसाहेब, जमिनीचे दावे सोडून ह्या पासपोर्ट-नागरिकत्वाच्या भानगडीत कसे पडलात? मी काहीतरी विनोद करतो.

कंधारकडच्या एका गवंड्याचं प्रकरण तुम्हाला सांगायला हवं होतं. सौदीत मालकानं पासपोर्ट दाबून ठेवला, तिथल्या भारतीय वकिलातीच्या एका कागदावर तो परत आला, आणि इथं चौकशीला आलेले म्हणाले, तू इथलाच कशावरून? भावांनी त्याचा घराचा वाटा खाल्लेला. त्यांनी सरपंचाचे कान भरले. सरपंच म्हणाला, "गेला तो गेला, आमचा काय संबंध न्हाई." ते वाक्य ऐकलं आणि माझ्या कानात चावडीवरचा तो आवंढा वाजला. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "सरपंच, ह्याची आई वारली तेव्हा माती कुणी दिली?"

"गावानं."

"कुठं?"

"गावच्याच कब्रस्तानात."

"मग आई गावची आणि लेक काय सौदीचा?"

गवंड्याला त्याचं गाव परत मिळालं. अशी किती माणसं असतील. मी कुणाचं मनगट धरलं नाही, उलट गप्प बसलेल्याला बोलतं केलं. एका म्हातारीला तर मी साहेबासमोर स्वतःच्या सख्ख्या भावाचं नाव घ्यायला लावलं. ती रडली, पण तिनं घेतलं. मला वाटायचं, तुमच्या त्या मिटलेल्या तोंडाची भरपाई मी करतोय. तुमचा प्रश्न मात्र सोडला नाही हं, आप्पा. बाई आली की आधी विचारतो, खरं बोललीस तर कुठं जाशील? त्याची सोय झाल्यावरच जबाब. तुम्हाला तेवढं श्रेय देतो. त्याहून जास्त नाही.

आता मागच्या महिन्याचं. गावातल्या पोरांचा फोन आला. "सर, तुमचा सत्कार ठिवलाय. तुम्ही आपल्याच गावचे ना!" आपल्याच. फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, जाणार. आणि माईक हातात आला की चावडीवरचं सगळं सांगणार. तिनं विचारलं, "कामून उकरता? मावशी जाऊन इतकी वर्सं झाली." मी म्हणालो, म्हणूनच. आता कुणाचं घर मोडायचं राहिलं नाही. रस्ताभर मी ड्रायव्हरला भाषण म्हणून दाखवलं. त्यानं चाकूरच्या पुढं गाडी थांबवून डोळे पुसले.

महादेवाच्या देवळासमोर मांडव होता. वेशीवर माझा फ्लेक्स, माणसापेक्षा उंच, वर लिहिलेलं 'आपल्या गावचे भूमिपुत्र'. फोटो कोर्टातला, काळा कोट, केस आहेत त्यापेक्षा जास्त दाखवलेले. मी गाडीतून उतरून तो बराच वेळ बघत उभा राहिलो. पोरांना वाटलं, सर भावुक झाले. स्टेजवर काका होते, खुर्चीत, दोन्ही बाजूंनी नातवांनी धरलेले. डोळ्यांनी दिसत नसावं. कुणीतरी त्यांच्या कानात माझं नाव ओरडून सांगितलं तसे ते म्हणाले, "साडूभाऊचा पोरगा का? लई सरळ माणूस होता तो." त्यांनी ते आवंढा न गिळता म्हटलं, मी नीट ऐकलं. मग सूत्रसंचालक म्हणाला की गावातल्या सगळ्यांत ज्येष्ठ व्यक्तीच्या हस्ते सत्कार होईल, आणि माझ्या हातात माईक दिला.

हे पत्र मी घरातही कुणाला वाचून दाखवणार नाही, तेव्हा लिहितो. पुढं पन्नासेक माणसं बसली होती आणि ती सगळी माझ्याकडे गावचा माणूस म्हणून बघत होती. मला ते फार बरं वाटलं, आप्पा. मी काकांच्या हातून शाल घेतली, वाकून त्यांच्या पाया पडलो, आणि दुष्काळात आमच्या कुटुंबाला आधार दिल्याबद्दल त्यांचे आभार मानले.