कापायचा राहिलेला नग

४ मार्च
धाकटीचा फोन. उजवी बाजू दगडासारखी लागतेय म्हणे! सात वर्षांपूर्वी कॅन्सरमध्ये तो स्तन काढला, तिथे आमच्या कारखान्याचं सिलिकॉन इम्प्लांट आहे. "ताई, तुमचा माल फुटला की काय गं?" – वर हसतेय. मी ठणकावून सांगितलं, आमचा माल असा फुटत नाही. आणि फुटलाच तरी आतलं जेल घट्ट असतं, वाहत सुटत नाही. एमआरआय कर आणि मोकळी हो.
चाचणी विभाग मी सांभाळते. एवढं बोलायचा मला हक्क आहे.

५ मार्च
आहे?

६ मार्च
लिहूनच टाकते. दर लॉटमधला एक नग आम्ही यंत्राखाली हजारो वेळा दाबतो. तो टिकला की लॉट पास. मग तो नग कात्रीने कापून टाकायचा – दाबून दाबून त्याचं कवच थकलेलं असतं, वरून कळत नाही. हे पहिल्याच दिवशी शिकवतात.
धाकटीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी इथे नवी होते, आणि अतिशहाणी! बाकीचे नग नुसत्या भरवशावर पास, हा एकटाच परीक्षा देऊन आलेला. माझ्या बहिणीला बिनपरीक्षेचा का द्यायचा? ४१७ नंबरच्या डब्यातला कोरा नग कापला, त्या जागी हा ठेवला आणि डबा तिच्या डॉक्टरांकडे जाईल असं पाहिलं. वहीत लिहिलं, "चाचणीचा नग कापला." माझी एकमेव खोटी नोंद.
काळजीपोटी केलं, हे खरं. पण कुणाला विचारलं नाही, हेही खरं.

९ मार्च
एमआरआय झाला. बाहेर येऊन म्हणते, "आत सुतार बसवलाय का गं यांनी? नुसती ठोकाठोक!" मला हसू फुटेना.

११ मार्च
कवच शाबूत! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीरानेच भोवती कडक आवरण धरलंय, असं होतं कधीकधी, छोट्या शस्त्रक्रियेने सुटेल. मी तर हवेतच. थकलेला नगसुद्धा सात वर्षं टिकला!
मग राहवेना. चहा घेताना तिला सगळं सांगितलं. रागावेल वाटलं. तिने कप खाली ठेवला.
"ताई, तो मला बसवलाच नाही गं. माप घेतलं तर मोठा पडत होता. डॉक्टरांनी दुसरा घातला. तू एवढ्या मायेनं निवडलेला... तुला सांगवलं नाही."
"मग तो कुठे गेला?"
"डबा फोडलाच नव्हता. परत रुग्णालयाच्या कपाटात ठेवला असेल."

१२ मार्च
सकाळीच साहेबांसमोर वही उघडून ठेवली. दुपारी रुग्णालयातून कळलं – डबा ४१७ पुढच्याच महिन्यात वापरला. एक शिक्षिका, तेव्हा वय एकतीस. सात वर्षांत तपासणीला एकदाही आलेली नाही.
उद्या दहाला डॉक्टरीणबाई तिला फोन लावतील. चूक कोणाची, ते मी सांगणार.