शेरेबुकातली माझी सही

३ ऑगस्ट, लोणावळा
पाऊस थांबायचं नाव नाही. दुपारी सुनीताचा फोन. धरणाजवळच्या वाडीवरच्या शाळेत मुख्याध्यापिका. मी मास्तर असताना माझ्याच वर्गात होती, म्हणून हक्काने बोलते. "सर, मागच्या भिंतीची चीर बोटभर झालीय. एकदा येऊन बघा." बघतो म्हणालो. शिक्षण सभापती झाल्यापासून हे 'बघतो' फार गुळगुळीत झालंय.

५ ऑगस्ट
आठवलं आणि जेवण गेलं नाही. एप्रिलमध्ये त्या शाळेची तपासणी होती, त्याच दिवशी पक्षाची बैठक. मग शाळेचं शेरेबुक घरीच मागवलं. सोफ्यावर बसून लिहिलं : 'समक्ष भेट दिली. इमारत सुस्थितीत.' सही, शिक्का. सगळेच करतात. त्या शेऱ्यामुळे शाळा दुरुस्तीच्या यादीतून गळाली.

९ ऑगस्ट
आमदारकीच्या तिकिटाची यादी पुढच्या आठवड्यात. आपलं पक्कं म्हणतात. आता शाळा बंद करा म्हटलं, तर पहिला प्रश्न, मग एप्रिलमध्ये काय बघितलंत?
कुंदाला सगळं सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती, घरातच, दोरीवर. म्हणाली, "मुलं कुठे बसतात?" बायकोला एवढंच सुचावं. राग आला.

१३ ऑगस्ट
शेवटी गेलो. गाडी ओढ्याअलीकडे ठेवून चालत. चिरेत माझा पंजा गेला. आतून माती ओली, हाताला आली. बावीस पोरं समोरच्या भिंतीला चिकटून पाढे म्हणत होती.
धोंडूआबा नातीला सोडायला आलेले. "सर, तुमीच लिवलंय ना साळा चांगली हाय म्हून. मंग आमी बिनघोर धाडतो." टोमणा नव्हता. तेच लागलं.
सुनीताने शेरेबुक पुढे केलं. "लेखी असल्याशिवाय मला शाळा बंद करता येत नाही, सर." घरी नेऊन नीट लिहितो म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. वर्गात असताना ही अशी बघायची नाही.

१४ ऑगस्ट
पक्षातून निरोप. यादी उद्या दुपारी. "काही वाकडं बोलू नका तोवर." भीती वाटते. कशाची जास्त, ते लिहवत नाही.

१५ ऑगस्ट, सकाळी ६
रात्रभर कोसळतोय. सुनीताचा फोन लागत नाही. पाऊस असला की वाडीवर झेंडावंदनानंतरचा कार्यक्रम वर्गातच घेतात, अख्खी वाडी आत. आठ वाजता.
जुन्या शेऱ्याखाली लिहिलं : 'इमारत धोकादायक. कोणासही बसवू नये.' सही अजून केलेली नाही. वाडीला पोचायला दीड तास लागतो.