वस्तरा की ब्रश

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१५
आजपासून रोजनिशी. नवं वर्ष, नवं आयुष्य. (वर्ष सुरू होऊन पाच दिवस झाले, पण सुट्ट्या धरायच्या नसतात.)
परिस्थिती अशी: वय त्रेचाळीस. ज्या गालिच्याच्या दुकानात सतरा वर्षं काढली, ते नोव्हेंबरात बंद पडलं. डॅडचं बार्बर शॉप आहे, पण सप्टेंबरपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. वस्तरा त्यांनी बंद केलाय, नुसती मशीन फिरवतात. वसंतात कुलूप लावणार म्हणतात. मी बार्बरचं लायसन्स काढलं तर नाही लावणार. असं ते म्हणत नाहीत, पण माझ्याकडे बघतात.
दुसरीकडे कोरीन. माझी बायको. एकोणीस वर्षं सलूनमध्ये आहे. म्हणते, "वॉरन, कॉस्मेटॉलॉजी कर, मी सांभाळून घेईन."
म्हणजे दोन रस्ते. बार्बर किंवा कॉस्मेटॉलॉजिस्ट. ठरवायला एक आठवडा पुरे. घाई नको, इतकंच.

७ जानेवारी, मंगळवार
यादी केली. दोन रकाने. बार्बरकडे: केस, दाढी, गप्प बसणारे पुरुष, वस्तरा. कॉस्मेटॉलॉजीकडे: केस, रंग, पर्म, नखं, चेहरा, वस्तरा नाही.
संध्याकाळी वाचून पाहिली. "वस्तरा नाही" चार वेळा लिहिलं गेलंय. मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून.

११ जानेवारी, शनिवार
डॅडच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी खणातून वस्तरा काढला, मला धरून दाखवायला. पातं उजेडात थरथर थरथर करायला लागलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. त्यांनी वस्तरा मिटला, खणात ठेवला आणि माझा पंजा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.
"हात माझेच घेतलेस बघ तू," म्हणाले. कौतुकानं म्हणाले.
घरी येऊन खिडकीपाशी हात लांब करून धरला. स्थिर. जवळजवळ स्थिर. कॉफी झाली होती दोन कप.

१४ जानेवारी, मंगळवार
शाळा पाहिली. सोयीची आहे: उजवा दरवाजा बार्बरिंग, डावा कॉस्मेटॉलॉजी. मुख्य शिक्षक मिस्टर टॉलिव्हर. त्यांना म्हटलं, मी अजून दोन्ही बाजूंचा अभ्यास करतोय. ते म्हणाले, दोन्हीकडे थोडे दिवस बसून बघा, मग फॉर्म भरा.
उजव्या बाजूला ओडेसा प्रुइट नावाच्या बाई आहेत. वय चोपन्न. सव्वीस वर्षं स्कूलबस चालवली. विचारलं, वस्तऱ्याची भीती नाही वाटत? म्हणाल्या, "अहो, पाठीमागे साठ पोरं बोंबलतायत आणि पुढे उतारावर बर्फ. वस्तऱ्याचं काय घेऊन बसलात?"
बाई धाडसी आहेत. पण विचारी वाटत नाहीत.

१६ जानेवारी, गुरुवार
आज फुगे. फुगवलेल्या फुग्याला फेस फासायचा आणि वस्तऱ्यानं तो हलकेच काढायचा. फुगा फुटला की नापास.
पहिला फुटला. चष्म्यावर फेस. फुगा हलक्या प्रतीचा होता.
दुसरा फुटला. खोलीत वारा होता.
तिसरा, मी वस्तरा टेकवायच्या आधीच फुटला. याचं उत्तर कोणाकडेच नाही.
ओडेसाबाईंचा फुगा सोललेल्या अंड्यासारखा. टॉलिव्हर माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "मिस्टर स्टब, फुगे पुष्कळ आहेत. पण हात बघा तुमचा."
बघितला. थरथरत होता. डॅडसारखाच. अगदी तसाच.

१७ जानेवारी, शुक्रवार. पहाटे ५.५०
इंटरनेटवर वाचलं. हाताचा कंप आईबापाकडून मुलात येऊ शकतो.
कॉफी बंद. घाबरून नाही. प्रयोग म्हणून.

२१ जानेवारी, मंगळवार
डावा दरवाजा. इथे वस्तरा नाही, तेव्हा प्रश्नच मिटला. आजच निर्णय होणार होता.
मला मिसेस लिंडक्विस्ट दिल्या. ऐंशीच्या आहेत. विद्यार्थ्यांकडून केस रंगवून घ्यायला हौसेनं येतात. वाटीत रंग कालवला. ब्रश उचलला. खुर्चीत जिवंत माणूस, आरशातून माझ्याकडे बघणारं. ब्रश थरथरायला लागला.
"थंडी वाजतेय का रे बाळा?" त्यांनी विचारलं.
म्हटलं, नाही, ही नवी पद्धत आहे.
"पहिलीच वेळ?"
सतरा वर्षांचा अनुभव आहे, म्हटलं. गालिच्यांचा, हे सांगायचं राहून गेलं.
डावा कान पूर्ण तपकिरी झाला. बाई भल्या. म्हणाल्या, त्या कानानं तसंही ऐकू येत नाही.
कोरीनला सांगितलं. ती हसली नाही. माझ्या हाताकडे बघत राहिली. ती हसली असती तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी, शुक्रवार
निर्णय झाला! मला डॅडचा आजार आहे. म्हणजे बार्बर नाही, कॉस्मेटॉलॉजिस्टही नाही. माझा दोष नाही. कुणाचाच नाही. एकदम हलकं वाटलं. मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली, पाच फेब्रुवारी. सगळ्यांना कसं सांगायचं, याची आरशासमोर तयारी केली. धीरगंभीर चेहरा चांगला जमतो.

दुपारी ३
बुटाची नाडी बांधताना एकदम थांबलो. डॅड हल्ली नाडीचे बूट घालत नाहीत. सूप चमच्यानं पीत नाहीत, कपातून पितात, आणि कप दोन्ही हातांनी धरतात. परवा शर्टाचं वरचं बटण लावायचं राहिलं होतं. मी सांगणार होतो, मग लक्षात आलं की राहिलं नव्हतं, लागत नव्हतं.
बराच वेळ पायरीवर बसलो. एक बूट घालून.
थंडीमुळे.

२९ जानेवारी, बुधवार
डॅडना सांगितलं. ते दुकान झाडत होते. म्हटलं, डॉक्टरला हात दाखवायला जातोय, तुमच्यासारखंच असावं. झाडू थांबला. "कधी?" एवढंच विचारलं.
मग दुपारी दोनला दुकान बंद करून घरी गेले. दिवसाढवळ्या दुकान बंद केल्याचं मला आठवत नाही. आईच्या दफनाच्या दिवशीसुद्धा चारनंतर उघडलं होतं.
कोरीन म्हणते त्यांनी तिला तीनदा फोन केला, डॉक्टरची वेळ विचारायला. दुकानाची काळजी असणार. म्हातारपणी माणूस धंद्यात फार अडकतो.

५ फेब्रुवारी, बुधवार
डॉक्टर ॲबरनॅथी. तरुण बाई. हात लांब करा म्हणाल्या, केले. कागदावर गोगलगायीसारखा गोल गोल आकार काढायला लावला, काढला. एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं. एक थेंब सांडला नाही. जरा प्रयत्नही करून पाहिला.
"थरथरतो कधी?" त्यांनी विचारलं.
वस्तरा धरला की.
"एरवी?"
ब्रश धरला की. म्हणजे समोर खुर्चीत कुणी बसलेलं असेल तर.
"आणि कुणी बसलेलं नसेल तर?"
मी खिडकीबाहेर पाहिलं.
"मिस्टर स्टब, तुम्हाला काहीही झालेलं नाही. तुम्ही घाबरताय."
आणखी एखादी तपासणी करता येईल का, म्हटलं. यावर तपासणी नसते म्हणाल्या. तसं कागदावर लिहून मागितलं. त्यांनी लिहूनही दिलं, याचं वाईट वाटलं.
बाहेर आलो तर डॅड बसलेले. कोरीन शेजारी. मी कुणालाच बोलावलं नव्हतं. त्यांनी टोपी मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, म्हणजे हलू नये.
"काय म्हणाली?"
मी पुटपुटलो, काही नाही म्हणाली.
"काही नाही म्हणजे?"
काही झालेलं नाही. नुसती भीती आहे.
त्यांनी टोपी तोंडावर धरली. खांदे हलायला लागले. मी घाबरलो. मग टोपीतून आवाज आला, "आठ दिवस झोपलो नाही रे. वाटत होतं, पोराला दिलं ते हेच दिलं." आणि टोपी बाजूला केली. ओले गाल, आणि हसतायत. उठले, काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "ऐकलंत का? माझा मुलगा नुसता भित्रा आहे! एकदम ठणठणीत! भित्रा फक्त!"
वेटिंगरूममध्ये अकरा माणसं होती. एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या.
गाडीत बसलो. डॅड मधूनच माझ्या गुडघ्यावर थापटत होते. त्यांचा हात थरथरत होता. मी तो धरून ठेवला. पुढच्या सिग्नलपर्यंत.

१० फेब्रुवारी, सोमवार
फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. आठपासून शाळेबाहेर गाडीत बसलो होतो. हीटर तपासत होतो. नऊ वीसला ओडेसाबाईंनी काच ठोठावली. "उतरताय, की मी ओढून काढू?"
टॉलिव्हरना सांगितलं, दोन्ही व्यवसायांचा आणखी सखोल विचार व्हायला हवा. ओडेसाबाईंनी फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला, बार्बरिंगच्या चौकोनात खूण केली आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं.
म्हटलं, बाई, हा माझ्या आयुष्याचा निर्णय आहे.
"म्हणूनच म्हटलं, कुणीतरी घ्यावा," म्हणाल्या.
सही केली. तसाही माझा कल तिकडेच होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार
प्रगती. आज एकोणीस फुग्यांपैकी आठ वाचले.
जिवंत माणसावरचा पहिला सराव ओडेसाबाईंनी केला. माणूस मी. टॉलिव्हर सगळ्यांना बोलावून म्हणाले, इतका स्थिर बसणारा मॉडेल मी आजवर पाहिला नाही. एक स्नायू हलला नाही! माझा तर श्वास बंद होता.

११ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ५
उद्या माझी पाळी. वस्तरा माझ्या हातात, समोर खराखुरा गळा. मॉडेल ज्यानं त्यानं आणायचा. मी सगळ्यांना सांगितलं की मला कुणी मिळत नाही, आणि कुणी मिळत नाही तर काय करणार, पुढच्या महिन्यात बघू.
दुपारी कळलं, डॅडनी शाळेत फोन करून स्वतःचं नाव दिलंय. तीन दिवस दाढी वाढवतायत.
त्यांना फोन केला. म्हटलं, डॅड, माझा हात थरथरला तर?
म्हणाले, "माझं डोकंही जरा हलतं हल्ली. जमून जाईल कुठेतरी."
हवामानाचं पान दुपारपासून सात वेळा उघडलं. बर्फ नाही. वादळ नाही. रस्ते कोरडे.
उद्या दिवसभर स्वच्छ ऊन.