वंदनाताईंचं चौथं उत्तर

बुधवार, संध्याकाळ

बेरोजगारीच्या पाहणीसाठी दर तीन महिन्यांनी बोथ गावाजवळच्या त्याच घरी जातो. वंदनाताई बी.एड. झालेल्या, तरी तीनदा मी 'काम शोधते' असंच लिहिलं. मागच्या खेपेला त्या चिडल्याच, "दरवेळी काऊन विचारता? काम देता का?"

आज दाराला कुलूप. गाव सोडून गेल्या की काय? शेजारीण हसली, "वंदना शाळेत शिकवून राह्यली ना आता!"

तसाच शाळेत गेलो. एका घरानं जिल्ह्याचा आकडा हलत नाही, ठाऊक आहे. मग एवढा आनंद कशाचा?

वर्गातूनच त्या म्हणाल्या, "साहेब, आता विचारा!"

"सध्या काय काम करता?"

त्यांच्याआधी सगळा वर्गच ओरडला, "आमाले शिकवते!"