ओरिन टेटला या जागेवरून कोणी हलवू नये म्हणून

मी, अडेलिया क्रँडल, कै. ज्युबल क्रँडल यांची विधवा, वय छप्पन्न, राहणार विलो क्रीक, मोंटाना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, फितवलेलं नाही, दारूही पाजलेली नाही. खात्री करून घ्यायची असल्यास रेव्हरंड गॅमेज यांना विचारावं. ते बर्फामुळे इथे अडकून पडले आहेत आणि हे लिहिते वेळी शेगडीजवळ बसून घोरत आहेत.

मला मरायची घाई नाही. पण जानेवारीत घोडीने मला पाडलं आणि माझा मुलगा व्हर्जिल हेलेनाहून भेटायला आला. माझ्या उशाशी तो थोडा वेळ बसला, खिडकीशी मात्र बराच वेळ उभा राहिला आणि कुरणं डोळ्यांनी मोजत राहिला. मग बाहेर जाऊन त्याने माझ्या गड्याला, ओरिन टेटला, सांगितलं, “आईचं काही बरंवाईट झालं की हे सगळं जमिनी घेणाऱ्या कंपनीला विकायचंय. म्हातारबुवा, तुम्ही आपली सोय आधीच बघून ठेवा.” माझी बरगडी मोडली होती, कान शाबूत होते. म्हणून हा कागद. ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की ओरिन टेटला या जागेवरून कोणीही, कधीही हलवायचं नाही.

कलम १. व्हर्जिलला त्याच्या वडिलांचं घड्याळ आणि कायद्याचं पुस्तक द्यावं. ज्युबल काही वर्षं या खोऱ्याचा न्यायाधीश होता आणि त्या पुस्तकाचा उपयोग दार वाऱ्याने आपटू नये म्हणून करत असे. व्हर्जिलला जमीन मिळणार नाही. तो हिशेबात हुशार आहे, त्यामुळे काय मिळालं नाही हे त्याला लगेच कळेल. माझा त्याच्यावर राग नाही. आला तर मी त्याला आजही पोटभर वाढीन, पण जमीन काही वाढायची वस्तू नव्हे.

कलम २. माझ्या लोण्यात केस सापडला असं ज्यांनी चर्चच्या पायरीवर उभं राहून सांगितलं, त्या मिसेस पॉमरॉय यांना माझी लोणी काढायची घुसळणी द्यावी. आता त्यांच्या लोण्यात काय सापडतं ते लोकांना पाहू दे.

कलम ३. मुलगी मर्टल हिला माझ्या आईची गोधडी, निम्मी गुरं आणि पावाच्या आंबवणाचं मडकं द्यावं. हे आंबवण मी मिसूरीहून गाडीतून आणलं. वाटेत थंडीने मरू नये म्हणून रात्री पांघरुणात घेऊन झोपायचे. नवऱ्यापेक्षा मडक्याची काळजी जास्त, असं ज्युबल म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. आंबवणाला रोज सकाळी मूठभर पीठ घालावं लागतं. मर्टल विसराळू आहे, तरी तिलाच द्यावं. तिने मेंढपाळाशी लग्न केल्यापासून मी तिचं तोंड पाहिलेलं नाही. टेकडीपलीकडून तिचा धूर मात्र रोज दिसतो, आणि ज्या सकाळी दिसत नाही त्या सकाळी मला घास गिळवत नाही.

कलम ४. मर्टलचा नवरा ड्युगल मॅकफी याला काही नाही. जावई हा दशमग्रह म्हणतात. हा तर शेकडो मेंढरांसकट आला आहे. मेंढी गवत मुळासकट खाते आणि तिथे मग गाय तोंड घालत नाही, हे या खोऱ्यातलं शेंबडं पोरही जाणतं. माझ्या दफनाला त्याने यायला हरकत नाही, मात्र वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं राहावं.

कलम ५. रेव्हरंड गॅमेज यांना ज्युबलचा रानरेड्याच्या कातड्याचा जाड कोट द्यावा. त्यांच्या कोटाची चाळण झाली आहे.

कलम ६. ओरिन टेट याला मागची खोली, तांबडी घोडी, कुत्रा, शेगडीजवळची खुर्ची, आणि जेवायच्या टेबलाशी माझ्या डाव्या हाताची जागा. तो इतकी वर्षं टेबलाच्या पार टोकाला बसतो आणि मीठ मागायलाही लाजतो. शिवाय घर, कुरणं आणि उरलेली निम्मी गुरं त्याने हयातभर सांभाळावी व भोगावी. त्याच्यामागे ते सगळं मर्टलच्या मुलांचं.

एका गड्याला एवढं का, असं व्हर्जिल विचारील. त्यासाठी नोंद करून ठेवते. मिसूरीत मी एकोणीस वर्षांची असताना ओरिन टेक्सासला गुरं आणायला गेला. पानगळीला परत येतो म्हणाला आणि तंगडी मोडून घेऊन वसंतात आला. मधल्या हिवाळ्यात माझ्या बापाने, तो नदीत बुडाला असणार असं म्हणत, माझं ज्युबलशी लग्न लावून दिलं. ओरिनने कुंपणापाशी उभं राहून माझी अंगठी पाहिली, टोपी काढली आणि निघून गेला. ज्युबल वाईट माणूस नव्हता. तो गेला त्याच्या पुढच्या वर्षी, वासरांना डाग द्यायच्या दिवसांत, एक लंगडा माणूस फाटकाशी काम मागायला आला. चालीवरून मी त्याला घरातूनच ओळखलं. त्याने मला “बाई” म्हटलं, मी त्याला “मिस्टर टेट” म्हटलं, आणि तेच चालू राहिलं. माझ्या आजारपणात त्याने रांधलेला घेवडा मी खाल्ला आहे. तरीही मला तो हवा आहे, म्हणजे या जागेवर हवा आहे, असं समजावं.

इथवर लिहून मी रेव्हरंडांना उठवलं. सहीला दोन साक्षीदार लागतात, आणि या बर्फात घरात माणसं दोनच, ते आणि ओरिन. रेव्हरंडांनी दाराचं पुस्तक काढून वाचून दाखवलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही दिलं असेल, तर सही करताच ते त्याच्या हातून जातं. कोटावर पाणी सोडायला ते तयार झाले. ओरिनला आत बोलावलं. त्याने टोपी हातात धरून सगळा कागद उभ्याने वाचला. सहावं कलम दोनदा वाचलं. मी तोवर शेगडी पुसत होते.

“बाई, यावर मी सही करणार नाही,” तो म्हणाला.

“का? मिळालेलं जाईल म्हणून?”

“साक्षीदार हवेत ना तुम्हाला? आणतो,” म्हणाला, आणि खोगीर उचलून बर्फात निघून गेला.

कलम ७. कलम ६ मधली तांबडी घोडी रद्द. खुर्चीही रद्द. डाव्या हाताची जागा कुत्र्याला द्यावी. तीस-चाळीस वर्षं लोटली तरी माणूस कळत नाही, आणि जमिनीला न भुलणारा असा जो एक मी मनात जपला होता, त्यालाही सही जड झाली. हे लिहिताना कागदावर पडलेलं पाणी छपराचं आहे. रेव्हरंड म्हणतात, छप्पर गळत नाही. त्यांनी आपलं काम पाहावं.

आज दुपारी तो परतला. मिशांवर बर्फ, आणि मागे दोन घोड्या. एकीवर माझी मर्टल, पुढ्यात तिचं पोर. दुसरीवर ड्युगल मॅकफी, त्याच्या कोटाच्या आत एक मेंढीचं पिल्लू. पिल्लाची आई मेली म्हणून त्याला घरी सोडवेना, असं तो म्हणाला. ते पिल्लू सध्या माझ्या शेगडीजवळ आहे, याची नोंद असावी. मर्टलने मला मिठी मारली. आम्ही दोघी काय बोललो ते मृत्युपत्रात लिहायचं नसतं.

ओरिन उंबऱ्यातच उभा होता. “डेली,” तो म्हणाला. या नावाने मला मिसूरी सोडल्यापासून कोणी हाक मारलेली नाही. “हे घे साक्षीदार. मृत्युपत्राला दोन लागतात, लग्नालाही दोनच लागतात. सही कशावर घ्यायची ते तू सांग.”

“इतकी वर्षं जीभ गहाण टाकली होतीस का रे?”

“जमीन तुझी, माझं नुसतं खोगीर. आधी विचारलं असतं तर जमिनीसाठी विचारलं, असं झालं असतं. काल तू ती लग्नावाचूनच आपणहून देऊ केलीस. म्हटलं, आता विचारायला हरकत नाही.”

मी म्हटलं, पाय पूस आणि आत ये. आमच्याकडे याला हो म्हणतात.

रेव्हरंडांनी पुन्हा पुस्तक उघडलं. या राज्यात बिननवऱ्याच्या बाईने केलेलं मृत्युपत्र तिने लग्न करताच आपोआप रद्द होतं. वर विधवेच्या गड्याला कोणीही हाकलू शकतो, नवऱ्याला मात्र कायदाच घरात हिस्सा देतो. व्हर्जिलला पुस्तक मिळेल तेव्हा त्याने हे पान आधी वाचावं.

पण लग्न संध्याकाळी. पाव भाजायचाय, मर्टलचे कपडे वाळायचेत. तोवर मला काही झालं तर ओरिन उघड्यावर पडेल, म्हणून मी हा कागद पुरा करायला बसले. ड्युगल पुढे झाला. त्याने चौथं कलम वाचलं होतं. मुळीच न रागावता म्हणाला, “मला यात काही नाहीये ना, आई? मग माझी सही चालेल. कुठे करू?” आणि त्याने लेखणी उचलली. बोटं थंडीने फुटली होती. हाच माणूस रोज पहाटे उठून माझ्या लेकीची चूल पेटवत असणार. मी त्याच्या हातातून लेखणी काढून घेतली.

कलम ८. कलम ७ पूर्ण रद्द. कलम ४ पूर्ण रद्द. उत्तरेची टेकडी, ओढ्याच्या पाण्याच्या हक्कासह, माझा जावई ड्युगल मॅकफी याला द्यावी. मेंढरांसकट.

विलो क्रीक, मोंटाना. मार्च १८९७, दुपार.

सही: अडेलिया क्रँडल (हे नाव संध्याकाळपर्यंतच)

साक्षीदार १ : —
साक्षीदार २ : —

दोन्ही जागा रिकाम्या आहेत; रेव्हरंडांचा कोटही मी आता जाऊ देणार नाही. मी आत्ताच सगळ्यांवरून नजर फिरवून पाहिली. जिला मी काही दिलेलं नाही अशी एकही व्यक्ती आता या घरात नाही.